कुलूप घातलेला कॉम्प्युटर

दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळात इंजिनियर मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरत नाहीत, पायाचीही पुरत नाहीत. गॅस काढणारे, गॅस थंड करणारे, थंड केलेला गॅस जहाजात भरणारे, आणि हे सगळे नीट काम करतात की नाही ते बघणारे. एवढ्या मंडळींना मिळून एक साधा कॉम्प्युटर चार दिवस सुरू करता आला नाही, कारण त्याचं बटण अडकलं होतं. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी तिखटमीठ लावतोय. मला त्याची गरजच पडत नाही. या मंडळींचं जसं आहे तसं सांगितलं तरी पुरतं.

मी बार्शीकडचा. आयटीआयचा वायरमन. इंडस्ट्रियल एरियाच्या मजूर-कॅम्पात वरच्या बंकवर झोपून सुरुवात केली, आणि आज अल मुंतझात माझं एसी-वायरिंगचं दुकान आहे, सहा माणसं हाताखाली आहेत. ते कुणी दिलेलं नाही. प्रत्येक काम, प्रत्येक भाव मी भांडून घेतलेला आहे. मंडळात मात्र मी अजूनही ‘आपले वायरमन’. गणपतीत स्टेजचे दिवे मी लावतो, माझी माणसं, माझी केबल. कार्यक्रमाच्या पत्रिकेत आभाराच्या यादीत सगळ्यात खाली छापून आलं, ‘विद्युत सहाय्य : एक हितचिंतक’. माझं नाव यांना ठाऊक नव्हतं म्हणावं, तर एसीतून पाणी गळायला लागलं की माझा नंबर बरोबर सापडतो.

माझं जाऊ द्या. बायकोचं सांगतो.

माझी बायको बी.ए. आहे. मंडळाच्या पोरांना ती शुक्रवारी मराठी शिकवते. ती पोरं तिला सगळी उत्तरं इंग्रजीत देतात आणि ती न चिडता पुन्हा मराठीत विचारते. माझ्याच्याने एक दिवस झालं नसतं. मागच्या वर्षी मंडळाने स्मरणिका काढायचं ठरवलं. नेहमीसारखं पाककृती, सहलीचे फोटो, अध्यक्षांचं मनोगत. बायको मीटिंगमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, इथे आपले मराठी लोक ड्रायव्हर आहेत, वेल्डर आहेत, क्रेन चालवतात, त्यांचं कुणी कधी छापलं का? मी लिहून आणते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याने काम अंगावर घेतलं की इथे टाळ्या मोठ्या पडतात.

मग सात-आठ महिने सुट्टीच्या दिवशी मी तिला एशियन टाउनला, कामगारांच्या बाजारात, घेऊन जायचो. बाजाराच्या कडेला सावलीत ती वही घेऊन बसायची, आणि ही सगळी दांडगी माणसं तिच्यासमोर रांगेत, डॉक्टरकडे बसल्यासारखी. ती एक शब्दही बदलायची नाही. सांगोल्याच्या एका क्रेनवाल्याने सांगितलं, “वर असलो की मला कुनी शिव्या देत न्हाई. देत असतील, पन वर ऐकू येत न्हाई.” तेही तिने तसंच लिहिलं. बीडकडचा एक ड्रायव्हर म्हणाला, “सायबाच्या पोराला रोज मी शाळंत सोडतो. माझं पोरगं कितवीत हाय ते फोनवर इचारावं लागतं.” हे लिहिताना तिचा हात थांबला होता, मी बघितलं. अशी एकोणीस माणसं झाली. प्रत्येकाला तिने शब्द दिला होता की तुम्ही बोललात तसं छापून येईल, पुस्तक तुमच्या हातात देईन. क्रेनवाला तर कायमचा घरी निघाला होता, गावाला दाखवायला त्याला ते न्यायचं होतं.

हे सगळं तिने टाइप केलं मंडळाच्या कॉम्प्युटरवर. तो सेक्रेटरींच्या व्हिलात, पाहुण्यांच्या खोलीत. जुना, उभ्या डब्याचा. त्यात मराठी टाइप करायचं जुनं सॉफ्टवेअर आहे, आणि त्याचे फॉन्ट इतके जुने की फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली तर कोंबडीने कागदावर पाय फिरवावेत तसं दिसतं. मी म्हणालो होतो, फोनवर टाइप कर. पण सेक्रेटरींचा हट्ट, स्मरणिका त्याच सॉफ्टवेअरवर, कारण गेल्या तिन्ही स्मरणिका त्यावरच झाल्या. नेटचं कनेक्शनही त्या कॉम्प्युटरला नाही. सुरक्षेसाठी.

सेक्रेटरी गॅसच्या प्लांटवर सेफ्टीत आहेत. घरात जिन्याच्या कठड्याला हात न लावता कुणी उतरलं तर त्याला परत वर जायला लावतात. पुण्याचे. बोलणं अगदी गोड, आणि प्रत्येक वाक्यात तुम्हाला थोडं खाली बसवणारं. स्मरणिकेच्या पहिल्या पानावर त्यांनी ‘संपादक’ म्हणून स्वतःच्या बायकोचं नाव घातलं होतं. माझ्या बायकोचं नाव त्याच्याखाली, बारीक अक्षरात, ‘सहाय्य’. सेक्रेटरीणबाईंनी काय केलं होतं? चार ओळींच्या शुभेच्छा लिहिल्या होत्या. आणि सेक्रेटरींनी वर सांगितलं होतं, “तुमची पानं झाली की मी एकदा भाषा नीट करून घेईन. हे ‘न्हाई’, ‘हाय’ वगैरे छापील मजकुरात बरं दिसत नाही.” बायकोने वही मिटून पिशवीत घातली. मी गाडीत अर्धा तास बोललो.

पुण्याच्या प्रेसला बाकीची पानं पोचली होती, हिची पानं आणि शेवटच्या दुरुस्त्या सोमवारी सकाळपर्यंत पोचायच्या होत्या. आधीच्या मंगळवारी कॉम्प्युटरने मान टाकली. चालू व्हायचा, पंखा फिरायचा, चार-पाच सेकंदांत बंद. परत चालू, परत बंद. सेक्रेटरींनी कमिटीच्या ग्रुपवर टाकलं. त्यानंतर जे झालं ते मी बायकोच्या फोनवर वाचत होतो, मला त्या ग्रुपवर घेतलेलं नाही. एक म्हणाला पॉवर सप्लाय. दुसरा म्हणाला ओव्हरलोड, तिसरा अर्थिंग. एकाने आकृती काढून पाठवली. एकाने ‘मूळ कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये’ असं लिहिलं आणि त्याला सात अंगठे मिळाले. तो डबा उघडून बघावा असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. हे लोक तीस वर्षं मशीनवर काम करतात आणि त्यांनी मशीनला हात लावलेला नसतो. हात लावायला आमच्यासारखे ठेवलेले असतात.

मग यांनी प्लांटवर करतात तेच केलं. मशीन ‘आयसोलेट’ केलं. जॉइंट सेक्रेटरींनी प्लग काढला, प्लगवर प्लॅस्टिकची लाल डबी बसवली, डबीला स्वतःचं कुलूप घातलं, आणि वर फोटोवाला लाल टॅग लटकवला, ‘धोका. चालू करू नये.’ कंपनीतून खास आणलं होतं सगळं. प्लांटवर नियम असा असतो की ज्याने कुलूप घातलं त्यानेच काढायचं. तिथे तो नियम बरोबर आहे, माणूस मशीनच्या आत गेलेला असतो. इथे आत कोण गेलं होतं? झुरळ? कुलूप लावून जॉइंट सेक्रेटरी गुरुवारी वार्षिक रजेवर नाशिकला गेले. किल्ली त्यांच्या जुडग्यात, जुडगं त्यांच्याबरोबर.

शुक्रवारी रात्री सेक्रेटरींचा बायकोला फोन आला. यंदा तुमची पानं राहू द्या, पुढच्या वर्षी बघू. त्या जागी त्यांचा स्वतःचा लेख जाईल, ‘वाळवंटातील सुरक्षित जीवन’. तो त्यांच्या ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये तयार आहे, प्रेसवाले फॉन्ट जुळवून घेतील.

बायकोने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, “क्रेनवाले दादा पुढच्या महिन्यात चाललेत.”

“उद्या सकाळी जायचं,” मी म्हणालो. “मी चालू करतो.”

“तुमी भांडनार.”

“मी मशीन चालू करनार.”

“भांडनार न्हाई म्हना.”

मी तसं म्हणालो नाही. खोटं कशाला बोलायचं?

शनिवारी दहा वाजता आम्ही व्हिलावर. सेक्रेटरी कडक इस्त्रीच्या टी-शर्टात. मला बघून म्हणाले, “अरे वा, आपले वायरमनसुद्धा! पण एसी चालू आहेत हो आमचे.”

“कॉम्प्युटर बघायला आलोय.”

“तो लॉक केलाय. हात लावता येणार नाही. हे बघा, प्रोसिजर म्हणजे प्रोसिजर. किल्ली नाशिकला आहे, तोडायचं तर फॉर्म भरायला लागतो, आणि फॉर्मवर ज्याचं कुलूप त्याची सही लागते.”

मी पाहुण्यांच्या खोलीत गेलो. टेबलाखाली डबा, त्याच्या मागून वायर निघालेली, वायरच्या टोकाला लाल डबी, कुलूप, आणि टॅगवर जॉइंट सेक्रेटरींचा फोटो, लग्नाला आल्यासारखा. मी खाली बसलो, डब्याच्या पाठीमागे हात घातला आणि वायर मशीनमधून उपसून काढली. ही वायर दोन्हीकडून सुटते. शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. कुलूप वायरच्या त्या टोकाला होतं. या टोकाला मशीन मोकळंच होतं. यांनी चार दिवस एक दीड मीटरची वायर अटक करून ठेवली होती.

मी ती वायर, डबी, कुलूप, टॅग, सगळं उचलून सेक्रेटरींच्या हातात दिलं. “हे सांभाळा. सही झाली की उघडा.”

सेक्रेटरीणबाई दारात उभ्या होत्या, त्या पदर नसल्यामुळे तोंडाला ओढणी लावून हसल्या. सेक्रेटरींनी त्यांच्याकडे बघितलं तसं थांबल्या.

“ताई, घरात राइस कुकर असेल ना?” मी विचारलं. “त्याची वायर द्या. हीच असते.”

माझी बायको त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरात गेली. सेक्रेटरी म्हणाले, “कुकरची वायर कॉम्प्युटरला? ही स्टँडर्ड प्रॅक्टिस नाही.”

“साहेब, कुकर याच्यापेक्षा जास्त करंट खातो. वायरला कळत नाही पुढे भात आहे की स्मरणिका.”

मागचे दोन स्क्रू काढून मी बाजूचा पत्रा सरकवला. धूळ काढली. दुखणं समोरच होतं. पुढचं बटण आत गेलेलं, त्याचा प्लॅस्टिकचा खटका मोडलेला, ते परत बाहेर येतच नव्हतं. बटण दाबून धरलं की असा कॉम्प्युटर चार-पाच सेकंदांत बंद होतो, ती त्याची रीत आहे. म्हणजे तो बिघडला नव्हताच. कुणीतरी चार दिवस त्याचं बटण दाबून धरलं होतं आणि तो बिचारा प्रत्येक वेळी हुकूम पाळत होता. मी सेक्रेटरींना दाखवलं. ते वाकून बघत राहिले, मग म्हणाले, “म्हणजे बटण नवीन मागवायला लागणार. तीन-चार दिवस तरी.”

“बटण लागत नाही.”

मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात पिनांचा एक झुबका असतो. पुढच्या बटणापासून निघालेल्या दोन बारीक वायरी तिथे येतात, त्यांच्या टोपीवर बारीक इंग्रजीत पॉवर स्विच असं लिहिलेलं असतं. ती टोपी मी उपटली. खाली दोन पिना उघड्या झाल्या. बटण दुसरं काही करत नाही, या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडतं. ते काम स्क्रू ड्रायव्हरचं टोकही करतं. टेकवायचं आणि लगेच उचलायचं. झटका बसत नाही, तिथे पाच व्होल्टसुद्धा जेमतेम. बायको एव्हाना कुकरची वायर घेऊन आली होती. तिने विचारलं, “कुठं?” मी तिला पिना दाखवल्या. मग वायर मशीनला लावली, भिंतीवरचा स्विच टाकला, स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला.

आणि थांबलो.

धंद्यात एक क्षण असा येतो की समोरच्याला जे हवं ते तुमच्या हातात असतं आणि त्याला ते कळलेलं असतं. तो क्षण वाया घालवणारा माणूस आयुष्यभर कॅम्पात राहतो.

“साहेब,” मी म्हणालो, “आधी पहिल्या पानाचं ठरवू.”

“कसलं पहिलं पान?”

“संपादक म्हणून हिचं नाव. एकटीचं. पानभर फोटो. आणि तुमचं सुरक्षित जीवन पुढच्या वर्षी.”

पानभर फोटो मला नकोच होता. तो सोडून द्यायला मागितला होता. काहीतरी सोडल्याशिवाय समोरचा काही देत नाही.

सेक्रेटरींचा गोडवा गेला. “हे ब्लॅकमेल आहे.”

“ब्लॅकमेलला लपवायला काहीतरी लागतं. तुमचं तर पहिल्या पानावर छापायला चाललंय.”

“तुमच्यासारख्या माणसाकडून मला हीच अपेक्षा होती.”

“माझ्यासारख्या म्हणजे कसल्या? डबा उघडता येणाऱ्या?” माझा आवाज चढला होता, मला ऐकू येत होतं. “चार दिवस कुलूप घालून बसलात वायरीला! एकोणीस माणसांचं लिहून आणलं हिने, उन्हातान्हात बसून. आणि तुमच्या घरच्यांनी चार ओळी!”

“फोटो शक्य नाही,” सेक्रेटरी म्हणाले.

फक्त फोटो म्हणाले. म्हणजे बाकीच्यावर बोलायला तयार झाले होते. मी मनात म्हटलं, आला. दोन मिनिटांत संपादक मिळवतो.

तेवढ्यात सेक्रेटरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, “मला कुठे हवं होतं ते नाव? तुम्हीच घातलंत. मी विचारलं होतं, कशाला म्हणून.” सेक्रेटरी एकदम त्यांच्याकडे वळले. मी मध्येच म्हणालो, “बघा! ताईंनाच नकोय. ठीक आहे, फोटो सोडला मी—”

माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर गेला. बायकोने घेतला होता. ती खाली वाकली, मघाशी दाखवलेल्या जागी टोक टेकवलं, उचललं. पंखा फिरला. टेबलावर स्क्रीन उजळला. चार सेकंद झाली, पाच झाली, दहा झाली. बंद पडला नाही.

खलास. माझा सौदा तिथेच संपला. सगळा माल मोफत देऊन टाकला तिने. मी तिच्याकडे बघतच राहिलो. आजवर अनेक लोकांनी माझा सौदा मोडलाय, पण दुकानाच्या आतून कुणी नाही.

“अगं काय केलंस!”

“तुमी थांबा जरा.” ती खुर्चीवर बसली, एकोणीस फाइली एक-एक उघडून बघितल्या. सगळ्या जागेवर होत्या. मग सेक्रेटरींकडे वळली. खुर्चीतून उठली नाही, आवाज चढवला नाही.

“दादा, नाव कुनाचं बी घाला. मला त्याचं काय न्हाई. पन यातलं अक्षर बदलायचं न्हाई. ‘न्हाई’ म्हनलंय तिथं ‘न्हाई’च राहील. मी त्यांना शब्द दिलाय.”

“अहो पण वहिनी, छापील मजकुराला एक दर्जा—”

“दर्जा तुमच्या लेखात ठेवा. ही पानं मी आत्ता इथं बसून पीडीएफ करनार, आनि पेनड्राइव्हवरनं मीच प्रेसला पाठवनार. तुमच्याकडं येनार न्हाईत.”

सेक्रेटरींनी माझ्या बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटतं त्या क्षणी त्यांना मीच बरा वाटलो असणार. माझ्याशी घासाघीस करता आली असती. ते म्हणाले, “ठीक आहे. अक्षर बदलणार नाही.” सेक्रेटरीणबाई म्हणाल्या, “मी चहा टाकते,” आणि जाता जाता, “वायर लगेच नको हो, भात आज उशिरा लावते.”

बायको दुपारी तीनपर्यंत बसून होती. मला रिकामं बसवेना म्हणून रीसेटच्या छोट्या बटणाची टोपी काढून पॉवरच्या पिनांवर बसवली. आता ते छोटं बटण दाबलं की कॉम्प्युटर सुरू होतो. त्याबद्दल मला कुणी काही म्हणालं नाही. सोमवारी ग्रुपवर सेक्रेटरींनी लिहिलं, ‘तांत्रिक अडचण टीमवर्कने दूर झाली.’ अकरा अंगठे.

परतताना गाडीत मी तिला विचारलं, “काय मिळालं तुला? संपादक मिळत होतं. मी आणलं होतं त्याला वळणावर.”

“मला संपादक नको होतं.”

“मग काय हवं होतं?”

“सांगितलं की तिथं. तुमी ऐकत नव्हता, भाव करत होता.”

यावर माझ्याकडे उत्तर होतं, आजही आहे. फुकट दिलं की किंमत राहत नाही. तिने नाव मागितलं असतं तर पुढच्या वेळी त्या घरात तिला आधी खुर्ची मिळाली असती. ती म्हणते खुर्चीत तर मी बसलेच होते. असं तिच्याशी बोलता येत नाही.

स्मरणिका छापून आली. पहिल्या पानावर संपादक, सेक्रेटरीणबाई. खाली बारीक अक्षरात सहाय्य. बाईंनी नाव काढायला सांगितलं होतं म्हणतात, पण सेक्रेटरींनी ‘आता मजकूर लॉक झालाय’ म्हणून काढलं नाही. आत एकोणीस माणसं, अक्षर न् अक्षर तसंच. मी ते पहिलं पान बघितलं आणि माझं डोकं परत फिरलं, ते अजून पूर्ण जागेवर आलेलं नाही.

पुढच्या शुक्रवारी आम्ही गठ्ठा घेऊन एशियन टाउनला गेलो. माणसांनी प्रती घेतल्या आणि जो तो आपलं पान शोधायला लागला. ड्रायव्हरने आपलं पान काढलं, फोनने फोटो काढून पोराला पाठवला आणि पुस्तक शर्टाच्या आत घातलं. क्रेनवाला बाजाराच्या पत्र्याखाली एका बाकावर बसून मोठ्याने वाचत होता, चार जण भोवती. मला राहवलं नाही. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो, पहिलं पान उघडून धरलं.

“हे बघा. सगळं लिहिलं कुणी, आणि नाव कुणाचं! हिचं कुठं घातलंय बघा, मुंगीच्या अक्षरात.”

त्याने मान वर केली नाही. बोट ओळीवर तसंच ठेवलं होतं.

“शेठ,” तो म्हणाला, “जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय.”